पेनड्राइव्हला कुलूप कसं लावायचं: नवशिक्यांसाठी

सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे ट्रकभाड्याच्या पावत्या टाइप करणारा पोरगा असो, जळगावच्या डाळमिलमधला अकाउंटंट असो, नाहीतर अमळनेरच्या कॉलेजात प्रोजेक्ट करणारी मुलगी असो. किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह लटकलेला असतोच. त्यात काय आहे म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, यामा समदं शे." आधार, पॅन, पासबुकाचा फोटो, टॅलीचा बॅकअप, लग्नाचे व्हिडिओ, दोन-चार सिनेमे आणि कुठल्यातरी कोपऱ्यात 'पासवर्ड' नावाची नोटपॅडची फाइल.

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. असे पेनड्राइव्ह रोज टेबलावर येतात, आणि मालक मला एकच प्रश्न विचारतो: "डेटा सेफ राहील ना?" या एका प्रश्नात दोन वेगळ्या भीत्या आहेत. आपला डेटा दुसऱ्याने पाहू नये, ही एक. आपला डेटा आपल्याच हातून जाऊ नये, ही दुसरी. पहिलीवर उपाय कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन. दुसरीवर उपाय म्हणजे आणखी एक प्रत. लोक यातलं एक करतात आणि दुसरंही झालं असं समजतात. कुलूप लावलेला पेनड्राइव्ह बिघडला तर कुलपासकट गेला. आणि घरी प्रत आहे म्हणून एसटीत पडलेला पेनड्राइव्ह उघडायचं कोणी थांबत नाही. खाली दोन्ही कसं करायचं ते क्रमाने सांगतो. विंडोज धरूनच सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत आणि दुकानांत तेच आहे.

पहिली पायरी: आत काय आहे ते बघा

कुलपाची घाई नको. आधी पेनड्राइव्ह उघडा आणि सगळं एकदा बघून घ्या. बाजाराच्या पिशवीत कोणी वर्षाचे गहू भरून ठेवत नाही, पण पेनड्राइव्हमध्ये माणसं पाच-पाच वर्षांची कागदपत्रं घेऊन हिंडतात. जे रोज लागत नाही ते घरच्या कॉम्प्युटरवर टाका आणि पेनड्राइव्हवरून काढा.

पासवर्डची फाइल असेल तर ती आधी काढा. तिला पेनड्राइव्हवर जागाच नाही. शाळेतल्या सरांकडे, मॅडमकडे वर्गाची यादी असते: नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधार क्रमांक, सगळं एका एक्सेलमध्ये. ती माहिती आपली नाही, दुसऱ्यांच्या लेकरांची आहे. ती कुलपाशिवाय खिशात ठेवायची नाही, एवढा नियम तरी आजपासून करा. सीए, वकील, पतसंस्थेतले कर्मचारी यांनाही हेच लागू. २०२३ साली देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे, त्यामुळे दुसऱ्याची माहिती सांभाळणं आता नुसतं सौजन्याचं काम राहिलेलं नाही.

ई-आधारच्या पीडीएफबद्दल एक गैरसमज फार आहे. तिला पासवर्ड लागतो, म्हणून ती सुरक्षित आहे असं लोकांना वाटतं. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. ज्या पेनड्राइव्हवर ती पीडीएफ आहे, त्याच पेनड्राइव्हवर दहावीचं सर्टिफिकेटही आहे. मग शोधायचं ते काय राहिलं? शक्य तिथे मास्क्ड आधार ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि मोबाइलमध्ये डिजिलॉकर असेल तर बरीच कागदपत्रं पेनड्राइव्हवर न्यायची गरजच पडत नाही.

दुसरी पायरी: पेनड्राइव्ह खरा आहे ना?

हे पटकन उरकू. बाजारात, ऑनलाइनसुद्धा, काहीशे रुपयांत '२ टीबी' असं छापलेले पेनड्राइव्ह मिळतात. प्रॉपर्टीजमध्ये २ टीबी दिसतंही, पण आत खरी जागा फार थोडी असते. ती भरली की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात आणि उघडायला गेलं की कोऱ्या निघतात. अशा मालाला कुलूप लावून काय करायचं? नवा पेनड्राइव्ह घेतला की 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, लागू द्या. नामांकित कंपनीचा, बिलासकट, ३२ किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह कागदपत्रांसाठी पुरून उरतो.

तिसरी पायरी: आधी प्रत, मग कुलूप

क्रम असाच ठेवा. पेनड्राइव्हवरचं कामाचं सगळं घरच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. त्याची आणखी एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर, म्हणजे गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरच्या जागेत ठेवा. जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दुकानाचा हिशेब असेल तर ही 'दुसरी जागा' म्हणजे घर. दुकानाच्या गल्ल्यात कॉम्प्युटर आणि त्याच गल्ल्यात पेनड्राइव्ह, याला बॅकअप म्हणत नाहीत.

कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे काम झालं असं नाही.

चौथी पायरी: तुमचं विंडोज कोणतं?

सेटिंग्ज, मग सिस्टम, मग अबाउट. तिथे 'एडिशन'समोर 'प्रो' लिहिलंय की 'होम' ते बघा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती लॅपटॉपवर होम असतं, ऑफिसच्या मशीनवर प्रो. यावर पुढचा रस्ता ठरतो.

प्रो असेल तर: बिटलॉकर

विंडोजमध्येच 'बिटलॉकर टू गो' नावाची सोय आहे. ती विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. वेगळं काही विकत घ्यायचं नाही. पेनड्राइव्ह लावा, 'धिस पीसी' उघडा, पेनड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि 'टर्न ऑन बिटलॉकर' निवडा. विंडोज ११ मध्ये तो पर्याय वर दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये सापडेल.

'यूज अ पासवर्ड टू अनलॉक द ड्राइव्ह' वर टिक करा आणि पासवर्ड दोनदा टाका. तो कसा असावा ते पुढे सांगतो.

मग रिकव्हरी की कुठे ठेवायची, असा प्रश्न येतो. ही ४८ आकड्यांची किल्ली. पासवर्ड विसरलात तर पेनड्राइव्ह उघडण्याचा हाच एक मार्ग उरतो. लोक इथे 'नेक्स्ट' दाबायच्या घाईत ती फाइल डेस्कटॉपवर टाकतात आणि पुढच्या फॉरमॅटमध्ये ती उडते. तिची प्रिंट काढा आणि सातबारा, खरेदीखत ज्या फाइलमध्ये ठेवता तिथे लावून टाका. कागदावर पेनड्राइव्हचं वर्णनही लिहा, 'निळा, ६४ जीबी, हिशेबाचा' असं काहीतरी. घरात तीन पेनड्राइव्ह असले की कोणती किल्ली कोणाची हेच कळेनासं होतं.

पुढे विचारलं जातं की फक्त भरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण ड्राइव्ह. कोरा नवा पेनड्राइव्ह असेल तर पहिला पर्याय चालतो आणि लवकर होतो. वापरलेला असेल तर पूर्ण ड्राइव्हच निवडा. तुम्ही आधी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेत पडून असतात. पहिल्या पर्यायात ते कुलपाबाहेरच राहतात. त्यानंतर 'कम्पॅटिबल मोड' निवडा, म्हणजे जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्ह उघडेल. आणि 'स्टार्ट'.

आता थांबायचं. मोठा आणि जुना पेनड्राइव्ह असेल तर तास-दोन तासही लागतात. डेस्कटॉप असेल तर लाइट जायची वेळ सोडून बसा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. मध्येच उठायची वेळ आली तर 'पॉज' दाबून मगच पेनड्राइव्ह काढा.

झाल्यावर पेनड्राइव्ह काढून परत लावा. आयकॉनवर कुलूप दिसेल आणि पासवर्ड विचारला जाईल. इथे 'ऑटोमॅटिकली अनलॉक ऑन धिस पीसी' असा पर्याय असतो. स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर हवा तर वापरा. दुकानातल्या सामायिक मशीनवर कधीच नको.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. असा पेनड्राइव्ह टीव्हीत, गाडीच्या म्युझिक सिस्टममध्ये किंवा मोबाइलला ओटीजीने लावला तर उघडणार नाही. मॅकवरही सहजासहजी उघडत नाही. गाण्यांसाठी दुसरा पेनड्राइव्ह ठेवा, तो स्वस्तातला चालेल. विंडोज होमवर मात्र बिटलॉकरचा पेनड्राइव्ह पासवर्ड टाकून उघडतो. होमवर तो नवा बनवता येत नाही, इतकंच. म्हणजे ऑफिसच्या किंवा मित्राच्या प्रो मशीनवर एकदा कुलूप लावून आणलं की घरच्या होम लॅपटॉपवर वापरायला अडचण नाही. नवशिक्याला मी हाच रस्ता सुचवतो.

होम असेल आणि प्रो मशीन हाताशी नसेल तर

'व्हेराक्रिप्ट' हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. आधी 'ट्रूक्रिप्ट' असायचं, ते २०१४ मध्ये बंद पडलं. त्याच्याच पायावर हे उभं आहे. डाउनलोड फक्त त्याच्या अधिकृत साइटवरून करा.

'क्रिएट व्हॉल्यूम' दाबलं की पहिलाच पर्याय 'क्रिएट अॅन एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर' असा असतो. तोच घ्या. कंटेनर म्हणजे कुलूपबंद पेटीसारखी एक फाइल, तुमच्या बाकीच्या फाइली तिच्या आत राहतात. मग 'स्टँडर्ड', मग फाइलची जागा म्हणून पेनड्राइव्ह निवडून एखादं नाव द्या. एन्क्रिप्शनचे पर्याय आहेत तसेच राहू द्या. आकार ठरवा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये (फाइली साठवायची ही एक जुनी पद्धत, प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल सिस्टम'समोर दिसते) फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. मोठा कंटेनर हवा असेल तर आधी पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पासवर्ड टाका, मग खिडकीत माउस इकडेतिकडे फिरवत राहा. ते खेळ वाटतं, पण त्या हालचालींतून किल्लीसाठी लागणारी अनियमितता गोळा होते. पट्टी भरली की 'फॉरमॅट'. घाबरू नका, हे फॉरमॅट त्या एका फाइलपुरतंच आहे.

वापरताना एखादं ड्राइव्हचं अक्षर निवडा, 'सिलेक्ट फाइल'ने कंटेनर निवडा, 'माउंट' करा, पासवर्ड टाका. 'धिस पीसी'मध्ये एक नवा ड्राइव्ह दिसेल, त्यात फाइली टाका-काढा. काम झालं की 'डिसमाउंट' किंवा नव्या आवृत्तीत 'अनमाउंट', आणि मगच पेनड्राइव्ह काढा. हे न करता ओढून काढला तर आतल्या फाइली खराब होऊ शकतात.

व्हेराक्रिप्टमध्ये पूर्ण पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट करायचाही पर्याय आहे. नवशिक्याने तो घेऊ नये. तसा पेनड्राइव्ह कुठेही लावला की विंडोज म्हणतं, 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क'. घरातलं कोणीतरी भाबडेपणाने 'फॉरमॅट' दाबतं आणि सगळं संपतं. कंटेनरलाही एक धोका आहेच: ती फाइल बघणाऱ्याला निरुपयोगी वाटते आणि जागा करायला कोणीतरी डिलीट करतं. तिचं नाव असं ठेवा की घरच्यांनी हात लावू नये.

व्हेराक्रिप्टची अडचण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर येते. तिथे ते इन्स्टॉल नसेल तर चालवायला अॅडमिनचे अधिकार लागतात, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ते कोण देणार? थोड्याच फाइली न्यायच्या असतील तर 'सेव्हन-झिप' बरं, हे फाइलींचा एक गठ्ठा बांधून त्याला पासवर्ड लावणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइली निवडून राइट क्लिक, 'अॅड टू आर्काइव्ह', फॉरमॅट 'सेव्हन-झेड', पासवर्ड टाका आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करायला विसरू नका. नाहीतर आतलं उघडत नाही, पण 'कर्जमाफी_अर्ज_काका' अशी नावं जगाला दिसतात. दुसऱ्याच्या मशीनवर अशी फाइल उघडली की तिची तात्पुरती प्रत त्या मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये जाते, हेही ध्यानात असू द्या.

टॅली वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. टॅलीतच 'टॅली व्हॉल्ट' आहे, त्याने कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट होतो आणि बॅकअपही तसाच राहतो. पण तो पासवर्ड विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही. मालक आणि मुनीम दोघांनाही तो माहीत हवा.

बाजारात बोटाच्या ठशाचे, आकड्यांची बटणं असलेले पेनड्राइव्हही मिळतात. बटणांचे चांगले असतात, ठरावीक वेळा चुकीचा आकडा दाबला तर आतलं पुसूनही टाकतात, पण किंमत हजारांत जाते. आणि महाग म्हणून डोळे झाकून विश्वास नको. २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र मिळालेल्या नामांकित पेनड्राइव्हचं कुलूप पासवर्डशिवाय उघडून दाखवलं होतं. घरगुती वापराला बिटलॉकर पुरे.

पासवर्ड

जपानमधल्या अमागासाकी शहरात जून २०२२ मध्ये एका कंत्राटी कर्मचाऱ्याने सगळ्या शहराचा, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला, कामानंतर दारू प्यायला गेला, रस्त्यावरच झोपला आणि उठला तेव्हा बॅग गायब. पुढे बॅग सापडली. पेनड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला होता, म्हणून थोडक्यात निभावलं. गंमत अशी की अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत पासवर्ड १३ अक्षरांचा आहे असं सांगून टाकलं, आणि लोकांनी लगेच हिशेब मांडला: शहराचं इंग्रजी नाव आणि पुढे २०२२, बरोबर १३ होतात!

आपल्याकडे तेच चालतं. पोराचं नाव आणि १२३. गाडीचा नंबर. 'जळगाव' आणि ॲट आणि साल. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, उदाहरणार्थ कळणा, फलाट, रांगोळी, टायर, मामी, आणि ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. इथे छापलेले हेच शब्द अर्थातच घेऊ नका. लांबी वीसच्या पुढे गेली की चांगलं. व्हेराक्रिप्ट तर त्याहून कमी असेल तर टोकतंच. मराठी कीबोर्डवर देवनागरीत पासवर्ड ठेवायचा मोह टाळा. दुसऱ्याच्या मशीनवर तो कीबोर्ड नसला की बाहेर उभे राहाल.

पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवायला माझी ना नाही. पेनड्राइव्हच्या टोपणात चिठ्ठी घालून ठेवतात, त्याला मात्र आहे.

झेरॉक्सच्या दुकानात

खरं सांगायचं तर खानदेशात पेनड्राइव्हवरचा डेटा चोरापेक्षा झेरॉक्सच्या दुकानातूनच जास्त बाहेर जातो, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजसमोरच्या कुठल्याही दुकानात उभं राहा. पोरगा पेनड्राइव्ह घेतो, पोरीची पीडीएफ डेस्कटॉपवर ओढतो, प्रिंट मारतो, पेनड्राइव्ह परत देतो. पुढचं गिऱ्हाईक. संध्याकाळपर्यंत त्या स्क्रीनवर 'आधार', 'आधार १', 'आधार नवीन', 'नॉन क्रिमीलेयर फायनल', 'बारावी मार्कशीट फायनल फायनल' अशा फाइलींनी पाठीमागचा फोटो झाकून गेलेला असतो. त्या कोण पुसणार? आणि तेच मशीन सगळ्या गावाच्या पेनड्राइव्हचे व्हायरस एकमेकांना वाटत असतं.

म्हणून प्रिंटसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, सगळ्यात लहान आणि रिकामा. जेवढ्या फाइलींची प्रिंट काढायची तेवढ्याच त्यावर, पीडीएफ करून न्या. याला कुलूप लावायची गरज नाही, कारण तो घरून निघतो एका कामासाठी आणि घरी आला की फॉरमॅट होतो. कुलूपवाला पेनड्राइव्ह दुकानात उघडायचाच नाही. तिथे पासवर्ड टाइप करणं म्हणजे अनोळखी कॉम्प्युटरला तो सांगून टाकणं.

दुकानदाराला सांगा, "दादा, पेनड्राइव्हवरूनच प्रिंट मार ना." डेस्कटॉपवर घेतलीच तर समोर उभं राहून शिफ्ट-डिलीट करून घ्या. लाजू नका, तुमचा आधार नंबर आहे. काही जण म्हणतात, त्यापेक्षा दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं बरं. बरं कसलं? मग ती फाइल दुकानाच्या मोबाइलमध्ये राहते, तीही तुमच्या नंबरासकट.

दुकान चालवणाऱ्यांसाठी एवढंच: रोज रात्री डेस्कटॉप आणि डाउनलोड्स रिकामं करायची सवय लावा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं 'यूएसबी प्रतिरोध' हे फुकट साधन सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने दिलं आहे. मशीनला कोणता पेनड्राइव्ह लागू द्यायचा यावर त्याने ताबा ठेवता येतो.

शॉर्टकट व्हायरस

पेनड्राइव्ह उघडला आणि आत तुमचे फोल्डर नाहीत, फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक आयकॉन आहे आणि त्याच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आहे. हे दिसलं की हात थांबवा. त्यावर डबल क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, आणि वर फाइलीही उघडून दाखवतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. फॉरमॅटही करू नका. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, लपवलेला.

फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', आणि 'हिडन आयटम्स' तसंच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दोन्हींवर टिक करा. तरी दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची टिक काढा. आता फिकट रंगाचे फोल्डर दिसू लागतील. कधी कधी एक फोल्डर दिसतो ज्याला नावच नाही, नुसती मोकळी जागा. तुमचं सगळं त्याच्या पोटात असतं. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसने स्कॅन करा. मग त्या फोल्डरातले फक्त ओळखीचे कागद, फोटो, एक्सेल कॉम्प्युटरवर घ्या. 'डॉट एक्सई', 'डॉट व्हीबीएस', 'डॉट एलएनके' असं शेपूट असलेलं काहीही घेऊ नका. त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा आणि कॉम्प्युटरही पूर्ण स्कॅन करा.

बसस्टँडवर, कॉलेजच्या जिन्यात पेनड्राइव्ह सापडला तर? उत्सुकता कोणाला नसते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून बघितले. त्यातले निदान ४५ टक्के पेनड्राइव्ह लोकांनी लावले आणि आतल्या फाइली उघडल्या. काही उपकरणं तर दिसायला पेनड्राइव्ह असतात आणि कॉम्प्युटरला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतात, मग आपोआप टाइप करू लागतात. हे २०१४ मध्ये जाहीर प्रात्यक्षिक करून दाखवलं गेलं आहे. अँटीव्हायरसला ते कळत नाही. सापडलेला पेनड्राइव्ह कंडक्टरकडे किंवा कॉलेजच्या ऑफिसात द्या, स्वतःच्या कॉम्प्युटरला लावू नका.

ऊन आणि धूळ

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. पेनड्राइव्हच्या चिपमध्ये डेटा विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठवलेला असतो. तो हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत लवकर झिरपतो. म्हणून दुचाकीच्या डिकीत, गाडीत पेनड्राइव्ह ठेवू नका, आणि कपाटात पाच वर्षं पडलेल्या पेनड्राइव्हवर लेकराच्या जावळाचे एकुलते एक फोटो ठेवू नका.

हरवलाच तर

कुलूप होतं आणि प्रत आहे: नवा पेनड्राइव्ह घ्या, कामाला लागा. कुलूप नव्हतं तर आत काय होतं ते आठवून लगेच कागदावर लिहा. जे पासवर्ड होते ते त्याच दिवशी बदला, सुरुवात ईमेलपासून करा. आधारची प्रत होती तर एमआधार अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. बँकेची कागदपत्रं असतील तर बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून पोच घ्या. आणि त्यात गिऱ्हाइकांची किंवा विद्यार्थ्यांची माहिती असेल तर साहेबांना, हेडमास्तरांना स्वतः सांगा, लपवू नका. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा कुलूप नसलेला एक पेनड्राइव्ह २०१७ मध्ये रस्त्यावर कोणाला तरी सापडला आणि प्रकरण वर्तमानपत्रात गेलं. पुढच्या वर्षी विमानतळाला १,२०,००० पौंड दंड झाला.

जुना पेनड्राइव्ह कोणाला देताना

नुसतं डिलीट करून देऊ नका. डिलीट केल्यावर फक्त यादीतलं नाव जातं, मजकूर तिथेच राहतो. 'रेकुव्हा'सारखं फुकट सॉफ्टवेअर तो परत काढतं. फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढा आणि पूर्ण फॉरमॅट चालवा, त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. तरीही चिप काही भाग स्वतःच्या राखीव जागेत धरून ठेवू शकते, म्हणून ज्यावर हिशेब किंवा दुसऱ्यांची कागदपत्रं होती तो पेनड्राइव्ह पहिल्यापासून कुलपात असेल तरच निर्धास्तपणे द्यावा. नसेल तर देऊच नये.

बिघडलेला पेनड्राइव्ह भंगारात टाकताना यूएसबीचं टोक मोडून उपयोग नाही, ते नवं जोडता येतं. कव्हर उघडा, आत हिरव्या पट्टीवर काळी चौकोनी चिप दिसेल. ती हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा लावून. काही छोट्या पेनड्राइव्हमध्ये वेगळी चिप नसतेच, सगळं एका काळ्या पट्टीतच असतं. तेव्हा पट्टीचेच तुकडे करा.